दुकानदाराने फाडू न दिलेलं पान

काशीत गिरजाघराच्या चौराह्यावरून आतल्या गलीत वळलं की ख्रिस्ती पुस्तकांचं एक छोटं दुकान होतं. त्या दुकानावर माझा राग होता, आणि तरी माझे पाय तिकडेच वळायचे. राग होता तो दारासमोरच्या फळीवर. दुकानदाराने तिच्यावर खडूने लिहिलं होतं, 'हम कहते हैं, इन्हें पढ़िए'. पुस्तकं कसली, तर दारू सोडणाऱ्या बापाची, खरं बोलणाऱ्या मुलाची, सगळ्यांना क्षमा करणाऱ्या सुनेची. क्षमा सुनेनेच का करायची, असं मी एकदा तावातावाने विचारलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "बिटिया, सास वाली अभी छपी नहीं."

आम्ही चार-पाच जण तेव्हा परचे, म्हणजे छापील पत्रकं, वाटायचो. कधी हुंड्यावर, कधी तुंबलेल्या गटारांवर, कधी विधवांच्या पेन्शनीवर. ज्याचा संताप येईल त्याचा परचा. पण त्या वर्षी मला झोप येत नव्हती ती घरातल्या गोष्टीमुळे.

आम्ही दुर्गाघाटला राहायचो. वहिनी गरोदर होती. तिचं पहिलं मूल घरीच झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. पहिलं दूध, म्हणजे चीक, बाळाला जड म्हणून पिळून टाकलं होतं. बाळाला मधाचं बोट, बाळंतिणीचं पाणी बंद, खोलीची खिडकी बंद. सगळं काकूंच्या हुकमाने. काकू म्हणजे वडिलांची थोरली वहिनी. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. वडील आणि दादा पाठशाळेत मोठमोठ्याने वाद घालायचे आणि उंबरठा ओलांडला की मुके व्हायचे. मूल का गेलं, हे कुणी विचारलंच नाही.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचं तोंडी कुणी ऐकणार नाही. माझं तर नाहीच. काहीतरी छापलेलं आणा. या घरात छापलेल्याला मान आहे."

छापलेलं मिळालं ते नेमकं त्या फळीवर. आई आणि नवजात बाळ यांच्यावरची पातळशी हिंदी पुस्तिका, चित्रांसकट. आत दुकानदाराच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली: 'घर में बच्चा आने वाला हो तो पहले यह, मिठाई बाद में.' मी उभ्याउभ्या वाचून काढली. चीक टाकू नका, तोच बाळाला आजारापासून वाचवतो. बाळंतिणीला पाणी द्या. खोलीत हवा येऊ द्या. कुठे गुळमुळीतपणा नाही. मग शेवटचं पान उलटलं आणि तिथे प्रार्थना, येशूच्या नावाने.

मी म्हटलं, "सगळ्या प्रती द्या. दूधविनायकापासून मुन्शी घाटापर्यंत वाटतो आम्ही. फक्त हे पान फाडून."

"किताब पूरी जाएगी."

"लोक दारातून हाकलतील. तुम्हाला बाळ महत्त्वाचं की हे पान?"

"तुम्हारे परचे से मैं एक लाइन काट दूँ, जो किसी को बुरी लगे?"

"आमच्या परच्यात लपवाछपवी नसते."

"तो यहाँ क्यों चाहती हो? दरवाज़े पर पहले ही बोल देना, आख़िरी पन्ने पर हमारी दुआ है. न पढ़ना हो, न पढ़ें."

मी भडकले. अडलेल्या बाईच्या हातात औषधाबरोबर प्रार्थना देणं ही दांडगाई आहे, असं त्याला तोंडावर सांगितलं. मला ते आजही तसंच वाटतं. तो म्हणाला, "हो सकता है. छापने वालों को लिखो." आणि गठ्ठा सुतळीने बांधून माझ्यासमोर ठेवला.

मी त्याने सांगितलं तसंच केलं, कारण खोटं बोलायचा मला कंटाळा आहे. दारोदारी आधी पानाचं सांगायची, मग पुस्तिका पुढे करायची. निम्मी दारं तिथेच मिटायची. "ख्रिस्ती? अगं, तू कुणाची मुलगी?" मी पुढच्या दाराला जायची.

आमच्यातला एक विज्ञानाचा विद्यार्थी मला हसला. त्याच्या वाट्याच्या प्रतींतलं पान त्याने फाडून टाकलं आणि सगळ्या प्रती खपवल्या. "डोकं वापर जरा," म्हणाला. पण पान फाडलं तरी शिलाईपाशी कागदाची फाटकी कड राहिली, आणि ती बायकांच्या नजरेतून सुटते होय? इथे काय होतं? का फाडलं? गलीगलीतून ते पान वाढत गेलं. आधी त्यावर मंत्र होता. दूधविनायकाला पोचेपर्यंत त्यावर अंगठा उठवायची जागा होती. अंगठा उठला की नाव बदललंच म्हणे. दोन-तीन दिवसांत फाटक्या पुस्तिका कुणीतरी टोपलीत भरून आमच्या दारात आणून ओतल्या.

काकूंनी हाक मारली, "या पुढारीणबाई. काय फाडलंस?"

"मी नाही फाडलं."

"मग कुणी? आणि काय होतं तिथे?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी कमरेवर हात ठेवून आतून आली. तिच्या हातात अखंड प्रत होती. मी ती घेऊन शेवटचं पान वाचायला लागले, वाचता वाचता मराठी करत. आई सुखरूप सुटू दे. मूल जगू दे. रात्रभर उशाशी बसणाऱ्या बायकांना धीर दे.

"ते बसणाऱ्या बायकांचं पुन्हा वाच," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. मागच्या वेळी उशाशी काकूच बसल्या होत्या.

"त्यांच्या देवाचं नाव आपण घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण यात चोरून फाडण्यासारखं काय होतं? मूर्ख कार्टी."

"मग बाकीची पानं वाचू?"

चिकापाशी आल्यावर त्यांनी हात वर केला. त्यांच्या सासूबाई, सासूबाईंच्या सासूबाई, सगळ्यांची नावं झाली. मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "काकू, मागच्या वेळी तुम्ही सांगितलेलं सगळं मी केलं होतं."

काकूंनी मान फिरवली. तिकडेच बघत म्हणाल्या, "पुढचं वाच."

पौषात मुलगी झाली. काकूंनी सुइणीला दम भरला, आधी पाजायला घे. उकळून गार केलेलं पाणी स्वतः नेऊन दिलं. खिडकी मात्र उघडली नाही. मी दाराबाहेरून भांडले, "छापलंय तसं!" "छापणाऱ्याला काशीतली थंडी ठाऊक नाही," आतून उत्तर आलं. खिडकीवरून आमचं रोज वाजायचं.

चौथ्या दिवशी मात्र वाजलं नाही. मी घाटावर जाऊन पायऱ्या उतरले, चढले, परत आले. काकू खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुस्तिका माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "चौथ्या दिवसाचं काय लिहिलंय?"

"वेगळं काही नाही लिहिलेलं, काकू."

"नीट बघ."

मी पहिल्या पानापासून बघायला लागले. आत मुलीने भूक लागल्याचा टाहो फोडला. वहिनीने तिला उचलल्याचं बांगड्यांवरून कळलं, मग टाहो थांबला आणि चुटूचुटू आवाज येऊ लागला. काकू कान लावून तशाच बसून राहिल्या.