वरच्या खोलीसाठी

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे. बऱ्यापैकी आहेही. मी झोपेत काय बरळतो, कुठल्या दुकानदाराला पाहून रस्ता बदलतो, हेसुद्धा. पण ही एक गोष्ट — ही तिला माहीत नाही. कुणालाच नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड सांगता यायचं नाही.

कार्डापासून सुरू करतो. तिथून सोपं आहे — आणि मला अजूनही सोपंच पाहिजे असतं.

मी बियाण्याच्या कंपनीत. घर लातूरला, मुख्य कचेरी हैदराबादला. दर महिन्याला बैठक, आणि बैठकीला गेलं की कंपनी एका मोठ्या हॉटेलात उतरवायची. त्या हॉटेलाचं मेंबर कार्ड असतं. जितक्या वेळा राहाल तितकी पायरी चढते. आधी चांदी, मग सोनं, त्याच्याही वर आणखी एक. सोन्याला पोचलात की काउंटरवरची माणसं हसून म्हणतात, "सर, आज तुम्हाला अपग्रेड केलंय." म्हणजे साध्या खोलीच्या भाड्यात वरच्या मजल्यावरची मोठी खोली. बसायची जागा वेगळी, भिंतभर खिडकी, पांढराशुभ्र टब. पण खोली रिकामी असेल तर, आणि त्यांच्या मनात असेल तर. तो हक्क नसतो, मर्जी असते.

त्या मर्जीची मला चटक लागली. हसाल तुम्ही. रेणापूर तालुक्यातल्या पत्र्याच्या घरात वाढलेला माणूस मी. वडील लहानपणीच गेले, आईनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून शिकवलं. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीचा माझा जन्म. आई चिडवायची, "जिल्हा झाला आन् तू झालास. जिल्ह्यानं तरी काई नाव काढलं." अशा माणसाला साधी एसी खोली पुरायला नको? पण नाही. साधी खोली मिळाली की मला जेवण जायचं नाही. आपल्यात काहीतरी कमी पडलं, असं वाटायचं. बरोबरचा एक जण म्हणाला, बुकिंग करताना काहीतरी निमित्त लिहीत जा. मग मी लग्नाचा वाढदिवस एका वर्षात तीनदा साजरा केला. एकदा केक आला. तो मी एकट्यानं खाल्ला.

इथपर्यंतचं मी चारचौघांत सांगून हशा मिळवला असता. पुढचं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. नळाला पाणी कधी येऊन गेलं, हे मोजणंच लोकांनी सोडलं होतं. घागरींवरून सख्ख्या जावा बोलेनाशा झाल्या. गावाकडे आईच्या वाट्याला टँकरच्या दोन घागरी यायच्या. माझ्या डोक्यात घामोळ्या उठल्या, धुवायला पाणी नाही, म्हणून एके सकाळी मी सरळ न्हाव्याकडे जाऊन चमनगोटा करून आलो. पोरं हसली. बायको म्हणाली, "असं काय केलंत? जिती माय हाय तुमची!" मी म्हणालो, पाणी वाचलं.

दोन दिवसांनी हैदराबाद. काउंटरवर प्रणिता होती. लोह्याची मुलगी — नांदेडजवळच्या. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी तिचा चेहरा उजळला होता, तेव्हापासून ओळख. त्या दिवशी हॉटेल भरलेलं. तिनं संगणकात पाहिलं, मान हलवली, "सर, आज वरची खोली…" आणि तिचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. तिचे हात थांबले. हळूच म्हणाली, "सर… घरात कुणी?"

आपल्याकडच्या माणसानं तुळतुळीत डोकं पाहिलं तर आणखी काय विचारायचं?

मला एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, घामोळ्या. तीन शब्द. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आई."

वडील म्हणालो असतो तरी चाललं असतं. ते खरोखर गेलेले होते, निदान अर्धं खरं झालं असतं. मग आईच का आली तोंडात? मी या प्रश्नाशी पुष्कळ वेळा बसलोय. उत्तर एकच येतं आणि ते घाणेरडं आहे. आईचं दुःख मोठं. मोठ्या दुःखाला मोठी खोली मिळते.

मिळाली. कुणाची तरी ठरलेली बदलून तिनं ती मला दिली. वर फळांची परडी आली आणि तिच्या हातची मराठीतली चिठ्ठी — जेवून घ्या सर. मी जेवलो. टब काठोकाठ भरून त्यात पडून राहिलो, आणि सांगतो, मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही. सुख वाटलं.

पुढच्या दोन्ही महिन्यांत न मागता वरची खोली. ती आईबद्दल विचारायची आणि मी सांगायचो. ताप आला होता, दोन दिवसांत गेली, शेवटी माझंच नाव घेत होती. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिची स्वतःची आई तिच्या लहानपणीच गेली होती.

हे पाप आहेच. पण मला कबूल करायचंय ते हे नाही. याच्या पलीकडे आहे ते.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि आत आणखी काही गुंतागुंत. लातूरच्या डॉक्टरांनी हैदराबादचा दवाखाना सुचवला. आई म्हणाली, "तुझ्या त्या हाटेलात एक दिस ने मला. लई सांगतूस. डोळ्याचं काई भलंबुरं झालं तर मग काय बघू?" बायकोनंही टुमणं लावलं. काय कारण सांगून नाही म्हणणार होतो? आधी हॉटेलात फोन करून, प्रणिताची पाळी संध्याकाळची आहे हे काढून घेतलं. चोराच्या मनात चांदणं. भर दुपारी आईला घेऊन पोचलो — आणि काउंटरवर प्रणिताच. पाळी बदलून घेतली होती तिनं.

"सर, या कोण?"

"मावशी," मी म्हणालो. "आईची बहीण."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला दिसत कमी होतं, ऐकू छान येत होतं. तिनं नुसता पदर सारखा केला. शहरात आलोय, पोराची काही रीत असेल, असं वाटलं असेल तिला. मी कागदांवर सह्या करायला वळलो, तेवढ्यात प्रणिता सरबत घेऊन आईजवळ जाऊन बसली. तिचा हात हातात घेतला, आणि इंग्रजी-हिंदी सगळं टाकून आपल्या बोलीत बोलायला लागली.

"मावशी, लई वाईट झालं बगा. सरांची माय गेली तवा सर डोकं काढून आले हुते हितं. बघवत नव्हतं. आता तुमीच माय त्यांची."

मी सही करत होतो. पेन थांबलं नाही, हेही सांगून टाकतो.

"कवा गेली म्हणलीस?" आईनं विचारलं.

"अडीच म्हैने झाले की. तापानं गेल्या न्हाई का?"

आईनं सरबताचा पेला खाली ठेवला. म्हणाली, "हाव. तापानंच. चांगली बाई हुती. लेकावर लई जीव हुता तिचा."

माझ्या आईनं, साठीला आलेल्या, अंधूक डोळ्यांच्या बाईनं, स्वतःचं मरण ऐकलं आणि मला उघडं पडू दिलं नाही. लिफ्टमध्ये ती समोरच्या आरशाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीमागे.

वर अपग्रेड झालेलीच खोली होती. आईनं ती पाहिली नाही. खुर्चीच्या कडेला बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दत्ता, मला कशापायी मारलंस बाबा?"

तिनं रागावून विचारलं असतं तर? रडली असती तर? पण ती नुसती विचारत होती. चावडीत गेलास का, सातबारा आणलास का, तशी. खरं बोलायला दार उघडं ठेवलं होतं तिनं. मी पाय धरायला पाहिजे होते. फक्त खरं बोलायला पाहिजे होतं — आई, या खोलीसाठी. ती काय करणार होती? एक थप्पड मारली असती, आणि मग जवळ घेतलं असतं. मला माहीत आहे ना माझी आई.

मी म्हणालो, "काहीतरीच काय! त्या पोरीचा घोळ झालाय. दुसऱ्या कुणाचं माझ्यावर ढकलतीय."

"ती खोटं बोलती म्हण."

"खोटंच."

"मंग तापाचं कुणी सांगितलं तिला?"

आणि मी — मी चिडलो. खोटारडा माणूस पकडला गेला की आधी चिडतो, पाहिलंय तुम्ही? मी फोन उचलला आणि मॅनेजरला वर बोलावलं. हिंदीत म्हणालो, तुमची काउंटरवरची मुलगी पाहुण्यांशी वाटेल ते बोलते, माझी आई जिवंत समोर बसलीय आणि तिला तुम्ही मेली म्हणता? ऑपरेशन आहे तिचं उद्या. काही झालं तर जबाबदार कोण? सोन्याच्या कार्डाचा आवाज होता तो. खाली जिला मावशी म्हटलं, तिला आता आई म्हटलं मी, तेही असं.

मॅनेजर प्रणिताला घेऊन आला. ती दारातच उभी राहिली. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं, ते मला त्या क्षणी दिसलं. एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो. तिनं हात जोडले.

"माफ करा. माझा गैरसमज झाला. सरांनी असं काही सांगितलं नव्हतं."

सरांनी असं काही सांगितलं नव्हतं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशानं आपण होऊन मान पुढे केली. मी "ठीक आहे, पुढे लक्ष ठेवा" म्हणालो. होय, म्हणालो.

आई उठली, चाचपडत दारापर्यंत गेली. तिनं प्रणिताच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुझं काई चुकलं न्हाई लेकी," म्हणाली. "तू आईकलंस तेच सांगितलंस." मॅनेजरला मराठी कळत नव्हतं. आम्हा तिघांना कळत होतं.

दार लागल्यावर आई बाथरूमकडे निघाली. मी म्हटलं, आराम कर. ती म्हणाली, "माणूस गेल्याचं कानावर आलं की डोक्यावरून पानी घ्यावं लागतं." बाहेर मी पाण्याचा आवाज ऐकायला थांबलो. टब भरल्याचा, शॉवरचा. काही नाही. बाहेर आली तेव्हा केस जेमतेम ओले होते. दात घासायचा काचेचा पेला होता ना तिथं, तेवढं पाणी घेतलं होतं तिनं. घागरी मोजायची सवय लागलेली.

ऑपरेशन नीट झालं. आई गावी गेली. पुढे जवळजवळ तीन वर्षं जगली, आणि ती खोली, ती पोरगी, पुन्हा तिच्या तोंडून निघाली नाही. सणावाराला घरी आली की माझ्या ताटात पहिल्यासारखंच वाढायची. कधी कधी वाढता वाढता थांबायची. मला वाटायचं आता विचारील. ती वाट पाहत होती — आता समजतं. मीच बोलायचं होतं. तीन वर्षं म्हणजे किती जेवणं, किती दुपारी ओट्यावरच्या! मी पावसापाण्याचं बोललो.

हॉटेलनं झाल्या त्रासाबद्दल दिलगिरीचं पत्र पाठवलं आणि माझ्या कार्डाच्या खात्यात पायरी चढवणारे गुण टाकले. त्या गुणांवर मी सोन्याच्याही वरच्या पायरीला गेलो. पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसरी मुलगी होती. प्रणिता कुठे आहे, असं मी विचारलं नाही. खोली मात्र घेतली.

आई गेली त्यानंतर महिन्याभरानं मी नांदेडला निघालो होतो. वाटेत लोहा लागतं. बॅगेत आईच्या मृत्यूचा दाखला होता, वारसाच्या कामासाठी प्रती काढायच्या होत्या. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान दिसलं, गाडी थांबवली. आत मशीनपाशी प्रणिता. अंगानं जरा भरली होती, कपाळावर चष्मा सरकवलेला. मी परत फिरणार तोच तिनं ओळखलं.

"या ना सर. काय काढायचंय?"

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. ना राग, ना टोमणा. दाखला बॅगेतून अर्धा बाहेर आला होता. तो मी आत सारला आणि कंपनीचं दरपत्रक पुढे केलं. त्याच्या दहा प्रती मला कशालाही नको होत्या.

मशीन चालू असताना ती म्हणाली, "आई बऱ्या हायत का सर? डोळा बरा झाला का?"

मी तिच्याकडे पाहिलं. बाहेर नांदेडची एसटी हॉर्न वाजवत होती.

"बरी आहे," मी म्हणालो.

"सांगा त्यांना, लोह्याची पोरगी इचारत हुती म्हणून."

"सांगतो," म्हणालो.