खेमाची पेटी ऐकू आली

शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. एके काळी तिथे कोणाच्याही घरी लग्न निघालं की आचाऱ्याच्याही आधी जानरावांना सांगावा जायचा. जानराव इंगोले म्हणजे लाउडस्पीकरवाले. दोन कर्णे, एक जाडजूड अँप्लिफायर, ट्रॅक्टरची बॅटरी आणि वायरींचं भेंडोळं, हा सगळा पसारा ते सुरुवातीला सायकलवर आणि पुढे मोटारसायकलवर बांधून न्यायचे. शेती होतीच, पण जीव या सामानात. आवाजाची त्यांची परीक्षा एकच होती. मंडपात सगळं लावून झालं की ते चालत गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचे आणि तिथे शब्द न् शब्द कळला की समाधानाने परत यायचे.

मंडपात बसून गाणं ऐकणं मात्र त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. कुठे वायर तापतेय, कुठे माइक शिट्टी मारतोय, हे बघण्यातच कार्यक्रम संपून जायचा. मग डीजे आले, छातीत धडधडणारे मोठाले डबे आले, आणि जानरावांनी कर्णे माळ्यावर ठेवून दिले. कोणावर राग धरला नाही. "आपण आपल्या दिवसात लय वाजवलं," एवढंच म्हणाले.

घरी ऐकायला त्यांनी सागाच्या फळ्यांची स्पीकरची दोन खोकी स्वतः बनवली होती आणि विजेवर चालणारा एक अँप्लिफायर जोडला होता. पण तो चालू केला की आधी घूंऽऽ असा आवाज यायचा. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की तो घूं आणखी जाड व्हायचा. गाणं असायचं, पण त्या घूंच्या मागे कुठेतरी. त्यांची बायको सोजरबाई अँप्लिफायरचा खटका पडला की उठून परसात जायची.

"तुमच्या गाण्यापरीस पिठाची चक्की बरी," ती म्हणायची. "तिच्यातून पीठ तं निंघते."

त्यांची मुलगी राखी नागपूरला नोकरी करते. फोनवर बापाने त्या घूंचं गाऱ्हाणं इतक्यांदा सांगितलं होतं, की या उन्हाळ्यात सुटीवर येताना तिने एक खोकं आणलं. आतून निघालं ते काळं, चपटं, चटणी-भाकरीच्या डब्याएवढं यंत्र.

"हे काय आणलं वं?"

"अँप्लिफायर हाये, बाबा. बॅटरी याच्या आतच हाये. चार्ज करा अन् वाजवा."

जानरावांनी ते तळहातावर घेऊन वरखाली केलं. बॅटरीचं त्यांना नवल नव्हतं. त्यांचे कर्णेही बॅटरीवरच वाजायचे. पण ती बॅटरी उचलायला कमरेत जोर लागायचा. "याले वजनच नाही," ते म्हणाले. "आतमंदी काही ठेवलं का नाही बनवणाऱ्यानं?"

"वाजवून तं पाहा."

जेवणं झाल्यावर त्यांनी ओसरीवर सामान मांडलं. सागाची खोकी भिंतीपासून हातभर पुढे ओढली, वायरीची टोकं दातांनी सोलून घट्ट बसवली. तेवढ्यात रोजच्यासारखी लाइट गेली. पंखा थांबला, चक्की थांबली, शेतातल्या मोटारी थांबल्या. एरवी लाइट गेली की जानरावांचं ऐकणं तिथेच संपायचं. आज त्यांनी नव्या यंत्राचं बटण फिरवलं.

काहीच झालं नाही. खटका पडताना जो ढप्प आवाज यायचा, तोही नाही. जानरावांनी वाकून स्पीकरच्या जाळीला कान लावला.

"बंद हाये हे."

"चालू हाये, बाबा. दिवा पेटला ना."

दिवा खरंच पेटलेला होता. जानरावांनी दुसऱ्या खोक्यालाही कान लावून पाहिला. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मंग घूं कुठी गेला?"

राखीने हसत आपल्या फोनवरचं एक गाणं लावलं. आवाज स्वच्छ आला, ओसरीभर पसरला. जानरावांनी मान डोलावली, पण मत दिलं नाही. "गाणं चांगलं असन. पण हे मी आधी आयकलंच नाही, तं याच्यात काय वाढलं अन् काय कमी झालं, हे मले कसं समजन?"

आत जाऊन ते सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन आले. गावच्या भजनी मंडळाने मारुतीच्या पारावर गायलेली भजनं त्यांनी स्वतः माइकवरून उतरवून घेतली होती. ही कॅसेट त्यांना तोंडपाठ होती. कुठे गायक खोकतो, कुठे कुत्रं भुंकतं, सगळं.

कॅसेट फिरू लागली. आधी टेपची बारीक सरसर आली, आणि त्यातून पार उभा राहिला. जानरावांना खरोखर तसं वाटलं. झांजा आजवर त्यांना एका लगद्यात ऐकू यायच्या, भांडी घासल्यासारख्या. आता एकेक झांज वेगळी होती आणि तिचा ठोका विरत जातानाची शेवटची थरथरसुद्धा कानाला लागत होती. मुख्य गायक ओळ उचलण्याआधी श्वास घ्यायचा, तो श्वास ऐकू आला. मृदंगाची थाप गोल आली, मात्र जराशी सडपातळ. "खालचा आवाज थोडा बारीक हाये," जानराव पुटपुटले. त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवून पाहिलं तेव्हा आवाज चिरकला. पुलापर्यंत जाणारं हे यंत्र नव्हतं. त्यांनी बटण पुन्हा मागे आणलं, आणखी मागे आणलं, अगदी बोलण्याइतक्या आवाजावर आणलं. तरी काहीच हरवलं नाही. लहान आवाजात सगळंच्या सगळं होतं.

आणि सोजरबाई परसात गेली नव्हती. ती दारात सूप घेऊन तूर पाखडत होती. पाखडता पाखडता तिचा हात थांबला.

"आवो, हे मांगून कोण बोलून राह्यलं?"

"कोणी बोलत नाही."

"आयका तं. बुवाची ओळ संपली का मांगून कोणीतरी त्याले जबाब देते."

जानरावांनी कॅसेट मागे घेतली. गायकाची ओळ संपली, आणि ती संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या पोकळीत पेटीचे स्वर धावत गेले, एका ठिकाणी थबकले, जणू गायकाला विचारलं, आता कुठं जातो बुवा, आणि त्याच्या आधी तिथे पोहोचून बसले. प्रत्येक ओळीनंतर वेगळं.

"पेटी हाये," जानराव म्हणाले. "खेमाची."

"खेमाभाऊ असे वाजवत होते?"

खेमा राठोड त्यांचा जुना स्नेही. टेकडीपलीकडच्या तांड्यावर राहायचा आणि गावच्या मंडळात पेटी वाजवायचा. कर्ण्यातून पेटी म्हणजे नुसती पिपाणी होऊन बाहेर यायची, म्हणून जानराव तिचा माइक नेहमी लांब ठेवत. समोर बसलेले चार जण सोडले तर ती कोणाला ऐकूच जात नसे. खेमाने कधी तक्रार केली नाही. मंडळ मोडलं, खेमा दर हंगामात ऊसतोडीला जाऊ लागला, आणि पेटीचा विषय संपला.

त्या दुपारी ती कॅसेट त्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकली. लाइट आली, पंखा सुरू झाला, तेव्हा सोजरबाईने उठून तो बंद केला.

"खेमाभाऊ ऊसतोडीहून आले म्हंतात," ती म्हणाली. "त्याइले आयकवा ना हे."

"बोलावतो अठी."

"बोलावता कायले? बॅटरीवर चालते ना? आपणच घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मोटारसायकल निघाली. जानरावांच्या गळ्यात पिशवी, पिशवीत यंत्र आणि टेपरेकॉर्डर. मागे सोजरबाई, मांडीवर एक खोकं. दुसरं खोकं घेऊन राखी शेजाऱ्याच्या स्कूटीवर. रस्त्यात ज्याने त्याने विचारलं, कोणाचं लग्न आहे.

तांड्यावर खेमा अंगणात खाटेची सुतळी ताणत बसला होता. त्याची बायको कमलीबाई हिने पाहुण्यांना पाणी दिलं आणि सागाच्या खोक्यांकडे संशयाने पाहिलं.

"भाऊ, सभा घेता का काय अठी?" खेमाने विचारलं.

"तू बस गा. काही बोलू नको."

निंबाखाली खोकी मांडली, कॅसेट लावली. खेमा सुतळीचं टोक हातात धरून ऐकू लागला. गायकाचा आवाज ओळखून तो हसला. मग पहिली ओळ संपली आणि पेटी आली. खेमाच्या हातातली सुतळी सैल पडली. त्याने एकदा जानरावांकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे. दुसऱ्या ओळीनंतर त्याची उजव्या हाताची बोटं खाटेच्या काठावर हलू लागली.

"हे मी हाये," तो म्हणाला.

"तूच हायेस."

"मले वाटे, माही पेटी मलेच आयकू येते." तो पुन्हा कान देऊन बसला. "अठी चुकलो पाहा. खाली उतराले पाह्यजे होतं."

"कोणाले समजते," सोजरबाई म्हणाली. "लय गोड वाटते, खेमाभाऊ."

कमलीबाई चुलीपाशी उभी होती. ती जवळ आली आणि खोक्यासमोर जमिनीवर बसली. "एवढे वर्सं हा भजनाले जाये," ती सोजरबाईला म्हणाली. "मले वाटे, चहा पिऊन येत असन." अंगणात सगळे हसले, खेमा सगळ्यांत जास्त. पण कमलीबाई तिथून हलली नाही, आणि बाजू संपल्यावर तीच म्हणाली, पुन्हा लावा.

आजूबाजूच्या घरांतून माणसं येऊन बसली. आवाज बेताचाच होता, म्हणून सगळे खोक्यांच्या जवळ सरकून, गप्प राहून ऐकत होते. जानराव आयुष्यात पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांत बसले होते. वायर तपासायला उठावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

तिसऱ्या भजनाच्या मध्येच आवाज थांबला. यंत्राचा दिवा विझला होता. राखी जीभ चावून म्हणाली, "चार्जिंगले लावाचं राहूनच गेलं."

कोणी उठलं नाही. खेमा मात्र उठून घरात गेला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी घेऊन आला. भाता फुसफुसत होता, एक सूर दाबला की वर येत नव्हता, त्याला तो करंगळीने उचलत होता. भजन जिथे तुटलं होतं तिथूनच त्याने धरलं. ओळ म्हणणारं कोणी नव्हतं, तर जानरावांनी म्हटली. त्यांचा गळा बेसूर आहे हे सोजरबाईने त्यांना नंतर घरी सांगितलं, तिथे नाही.

पुढे खेमाने मालेगावात एका कारागिराकडून भाता बदलून घेतला. आता ऊन उतरलं की तो आठवड्यातून एकदोनदा गावात येतो, नाहीतर जानराव आणि सोजरबाई तांड्यावर जातात. जानराव त्याचं वाजवणं उतरवून घेतात आणि माइक पेटीच्या अगदी जवळ धरतात. कमलीबाईने आपल्या गोरमाटी बोलीतली दोन गाणीही उतरवून घ्यायला लावली आणि आपला आवाज ऐकून तोंडावर पदर घेतला.

राखीचा परवा फोन आला. "बाबा, कसं चालून राह्यलं यंत्र?"

फोन सोजरबाईने घेतला. "चांगलं हाये वं. पण ते तांड्यावरच राह्यते जास्त. एक आणखी पाठवजो."