दुपारचा उतारा

माझी आई बजाबाई सोलापूरजवळच्या कुंभारी गावची. सुगी संपल्यावर कडब्याची गंज रचताना तिचा तोल गेला, ती वरून खाली आली आणि मांडीचं हाड मोडलं. बैलगाडीत गवत अंथरून तिला सोलापुरात बायकांच्या दवाखान्यात आणलं. हे साधारण सन चौतीसचं. तेव्हा मोडलेली मांडी सांधायची म्हणजे पायाला दोरी बांधायची, ती कप्पीवरून घ्यायची आणि टोकाला वजनं सोडायची. महिनोन्महिने पाय टांगून आई पाठीवर पडून होती. तरी ती आयुष्यभर म्हणायची, "तितल्यावानी मी कदी हासले न्हाय." त्याला कारण होती मायाक्का.

मायाक्का जातीनं धनगर, माळशिरसकडची. लहानपण मेंढरांमागं गेलं. लग्न झालं ते धुळाशी, त्याचाही कळपच. मग एका वर्षी पाऊस दडी मारून बसला, पुढच्या वर्षी मेंढरांना रोग आला, आणि नवराबायको मोकळ्या हातानं सोलापूरला आले. धुळा गिरणीत सूतखात्यात लागला. मायाक्का दवाखान्यात झाडलोट करायला राहिली. मेंढ्या अडल्या तर सोडवायची तिच्या हाताला सवय होती. एकदा एक बाळंतीण अडली असताना तिनं नुसता धीर देत देत तिला ज्या तऱ्हेनं धरून बसवलं, ते मेट्रन महानंदाबाईंनी पाहिलं आणि तिला सुईणपणाच्या वर्गात घातलं. अक्षरओळखीपासून सुरुवात. मायाक्का शिकली. मराठीतली परीक्षा पास झाली. पण तिला पुरती नर्स व्हायचं होतं, आणि ती परीक्षा इंग्रजीतून होती. त्यासाठी आधी इंग्रजीचा एक पेपर पास व्हावा लागे. एक न वाचलेला उतारा यायचा आणि त्याखाली प्रश्न.

त्या पेपरात ती आपटली. कशी आपटली, हे ती स्वतःच आईला अंग पुसताना सांगत होती, आणि सांगताना हसून हसून तिच्या हातातल्या तसराळ्यातलं पाणी डचमळत होतं.

"पाच प्रश्न हुते बगा, बजाबाई. मला उतारा वाचता आला, पर कशात काय हाय ते कळंना. मग मी काय केलं? हरेक प्रश्नाखाली अख्खा उतारा लिवून काढला. म्हटलं, उत्तर ह्यातच कुटंतरी हाय, त्यांचं त्यांनी हुडकून घ्यावं!"

"मग हुडकलं का?"

"कशाचं! भोपळा दिला की."

महानंदाबाई मात्र हसल्या नाहीत. उंच, सावळ्या, कपाळावर भस्माची बारीक रेघ. बोलायच्या थोडं, पण नेमकं. त्यांनी मायाक्काला बोलावलं. "तू वाचतेस ते तोंडानं वाचतेस," त्या म्हणाल्या. "आता असं कर. एक उतारा वाच, पुस्तक मिट आणि कुणाला तरी आपल्या भाषेत सांग. सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर पुन्हा वाच."

"पर सांगू कुणाला, बाई? धुळा पाळीवर असतोय."

"वॉर्ड भरलाय की तुझ्यापुढं."

झालं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, वॉर्डात पडदे ओढले गेले, तशी मायाक्का एक फाटकं इंग्रजी पुस्तक घेऊन आईच्या खाटेपाशी स्टुलावर बसली.

"आजपासनं मी हितं उतारा सांगनार," तिनं जाहीर केलं.

शेजारच्या खाटेवर निंगव्वा होती. अक्कलकोटकडची म्हातारी, कानडी बोलणारी, पोटाचं ऑपरेशन झालेली. ती दचकून उठून बसली. "उतारा? कुणाला नजर लागली? भात, लिंबू कुठं हाय?"

"तसला उतारा न्हवं, आजी. पुस्तकातला."

"मग सांग," निंगव्वा म्हणाली, पण संशयानं.

मायाक्कानं उतारा वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, पानाच्या टोकापर्यंत. मग पुस्तक मिटलं, डोळे मिटले, आणि सुरुवात केली.

"एक मेंढरू हुतं. लई मोठं. त्याच्यावर लोकर हुती, लई लोकर. ते लांबच्या मुलखाला निघालं. त्याच्यासंगं शेलार लोक हुते."

"कुठले शेलार?" आईनं विचारलं. तिच्या मावशीचं सासर शेलारांचं होतं.

"ते लिवलं न्हाय. सेलर असं लिवलंय. म्हंजे शेलारच असतील. आन् एक कुत्रं हुतं."

इथपर्यंत कुणाला काही वावगं वाटलं नाही. मेंढरू आहे, लोकर आहे, संगं माणसं आणि कुत्रं आहे. सगळा वॉर्ड कुशीवर वळून ऐकू लागला.

"मग वादळ आलं. सगळी निजली हुती. आन् मेंढराच्या पोटात पानी शिरलं."

"शिरतंय," कोपऱ्यातली एक बाई म्हणाली. "पावसाळी गवात खाल्लं का शिरतंय."

"व्हय की! कुत्र्याला कळलं. ते भुकाय लागलं. शेलार जागं झालं. मग…" मायाक्का अडखळली. पुस्तक किलकिलं करून बघितलं. "मग सगळी मानसं त्याच्या पोटातनं भाईर आली."

दोन-तीन बायका उठून बसल्या.

"कुणाच्या पोटातनं?" आईनं विचारलं.

"मेंढराच्या."

"शेलार मेंढराच्या पोटात हुते?"

"याक?" निंगव्वा ओरडली. कानडीत 'का' असं विचारायचं तर याक म्हणतात. "याक? मेंढराच्या पोटात माणूस कशाला बसतंय?"

आईला हसू फुटलं. ते आवरेना, आणि तिच्या हसण्यानं कप्पीवरची वजनं खालीवर होऊ लागली. ती वजनं नाचताना बघून बाकीच्या हसू लागल्या. निंगव्वा टाक्यांवर हात दाबून "नको, नको" म्हणत हसत होती. मायाक्का आधी ओशाळली, मग तीही स्टुलावरून खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसली. आवाजानं महानंदाबाई आल्या. काय झालं ते ऐकलं. पुस्तक हातात घेतलं, बोटानं एक शब्द दाखवला आणि म्हणाल्या, "हे शीप नाही. शिप आहे. जहाज. आणि सेलर म्हणजे खलाशी." आणि तोंड फिरवून इतक्या भराभर निघून गेल्या, की त्याही हसताहेत हे सगळ्यांना कळलं.

मायाक्कानं उतारा पुन्हा वाचला. आता सगळं जागच्या जागी बसत गेलं. लोकर भरलेलं जहाज, तळाला पडलेलं भोक, भुंकणारं कुत्रं, सगळ्यांत शेवटी उतरणारा कप्तान. समुद्र तिनं पाहिला नव्हता, आईनंही नव्हता. "एकरुखाच्या तळ्याएवढा आसंल का?" आईनं विचारलं. "त्येच्यापेक्षा मोठा," मायाक्का म्हणाली. "पल्याडचा काठ दिसत न्हाय म्हनं."

संध्याकाळी घरी तिनं हे धुळाला सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं, "मग मेंढरू बुडलं न्हाय?"

"मेंढरू नव्हतंच वो."

"बरं झालं," धुळा म्हणाला, आणि जेवू लागला.

त्या दिवसापासून वॉर्डाची दुपार बदलली. बायका लवकर जेवून घेऊ लागल्या. मायाक्का वाचायची, पुस्तक मिटायची, सांगायची. आणि बायका प्रश्न विचारून तिला हैराण करायच्या. आईला कोण कुणाचा कोण ते हवं असायचं. कोपऱ्यातल्या बाईला आधी काय झालं आणि मग काय झालं ते हवं असायचं. निंगव्वाचा एकच प्रश्न. "याक?" राजा रागावला. याक? मुलगी परत गेली. याक? उत्तर आलं नाही की मायाक्का पुस्तक उघडून पुन्हा त्या ओळीवर जायची. एखादा शब्द अडला तर तिनं आता एक युक्ती धरली. त्या शब्दाच्या जागी काय बसलं तर बायकांचे प्रश्न थांबतील, ते ती बघायची. बरेचदा तोच अर्थ निघायचा.

भांडणंही व्हायची. उतारा म्हणजे कुठल्या तरी गोष्टीचा तुकडा. तो मध्येच संपायचा.

"पुढं?"

"पुढं न्हाय."

"न्हाय कसं? ते पोरगं नदीच्या मध्यावर हाय!"

"उतारा तितंच संपतोय, बजाबाई. मी काय करू?"

"पोराला तसंच सोडायचं व्हय? कसली मानसं ही परीक्षेची!" मग त्या पोराला आई आणि निंगव्वा मिळून काठाला आणायच्या, तेव्हाच झोपायच्या. एका बाईला दवाखान्यातून घरी सोडलं, तर ती गाठोडं घेऊन दुपार टळेपर्यंत दारातच बसून राहिली. नवरा बाहेर ताटकळला.

आईचा पाय कप्पीतून सुटला. पहिल्यांदा काठी घेऊन ती वॉर्डभर चालली तेव्हा मायाक्का तिच्या पुढं उलटी चालत होती, दोन्ही हात पसरून. आई घरी कुंभारीला गेली आणि मायाक्का परीक्षेला पुण्याला. पुढचं तिनं नंतर आईला सांगितलं, आणि आईनं मला.

धुळा सुट्टी काढून बरोबर गेला. तो फाटकाबाहेर झाडाखाली बसला आणि ती आत. आजूबाजूला बऱ्याच मुली मिशनच्या शाळेत शिकलेल्या, भराभर इंग्रजी बोलणाऱ्या. पेपर आला. उतारा एका गावातल्या मोठ्या घड्याळाचा होता. घड्याळ बंद पडलं. लोक चिडले. दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो शिडीवरून चढला, घड्याळाचं दार उघडलं, आत काड्या दिसल्या, दार हळूच लावलं आणि काही न बोलता घरी गेला. लोक आणखी चिडले. काही आठवड्यांनी तो पुन्हा आला आणि घटकेत घड्याळ चालू करून दिलं. खाली प्रश्न होता: म्हाताऱ्यानं घड्याळ लगेच दुरुस्त का केलं नाही? तुमच्या शब्दांत लिहा.

मायाक्कानं उतारा पुन्हा वाचला. कारण कुठं लिहिलेलंच नव्हतं. काड्यांपाशी आलेला नेस्ट हा शब्द तिला येत नव्हता. तिथं काय बसतंय ते तिनं बघितलं. काड्या आहेत, उंच जागा आहे, दार हळूच लावलंय, आणि काही आठवडे थांबायचंय. काही आठवडे कशासाठी थांबतात, हे सुईणीला कुणी सांगायला नको होतं. नेस्ट म्हणजे घरटं! ती एकदम मोठ्यानं हसली. सगळ्यांनी वळून पाहिलं. देखरेखीच्या मडम जवळ आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. मायाक्कानं मान खाली घातली आणि इंग्रजीत एवढंच लिहिलं: पिल्लं अजून तयार झाली नव्हती. त्यांना उडायला यावं म्हणून म्हातारा थांबला.

बाकीची उत्तरंही तशीच. ओळ, दोन ओळी. इतरांच्या आधी पेपर देऊन ती बाहेर आली. तिला एवढ्या लवकर आलेली बघून धुळाचा चेहरा पडला.

"इतक्यात? जमलं न्हाय व्हय?"

"आवो, ह्या बारीला मी अख्खा उतारा लिवला न्हाय!"

निकाल आला तेव्हा महानंदाबाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर बोलावलं. "पास," त्या म्हणाल्या. "आणि चांगल्या मार्कांनी." खाटांवर तेव्हा सगळ्या नव्या बायका. ही बाई मेट्रनच्या गळ्यात का पडते आहे आणि मेट्रन तिला दूर का ढकलत नाही, हे त्यांना कळेना. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. धुळानं शेंगापोळ्यांची टोपली आणली आणि वॉर्डाच्या दारातच उभा राहिला, कारण पुरुषांना आत यायची बंदी होती.

पुढं नर्सचे बाकीचे पेपरही ती पास झाली. पांढरं लुगडं, डोक्यावर पांढरी पट्टी, आणि पायात काळे नाडीचे बूट. बूट तिनं जन्मात घातले नव्हते. पहिल्या दिवशी तिनं ते उलटे घातले, मग सुलटे घातले, मग दवाखान्याच्या मागच्या अंगणात फेऱ्या मारून सवय केली. बूट नवे होते, करकरत होते. संध्याकाळी पाळी संपली, महानंदाबाई म्हणाल्या, "घरी जाताना काढून ठेवलेस तरी चालेल." पण मायाक्कानं काढले नाहीत.

धुळा फाटकापाशी आला होता. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं, वर बघितलं, पुन्हा पायांकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या जुन्या वहाणा घेतल्या आणि काखेत मारल्या. गिरणी नुकतीच सुटली होती. गल्लीत घराघरांतल्या मागांचा खडखडाट, माणसांची गर्दी, दारादारात बायका. त्या सगळ्यांमधून मायाक्का मान ताठ ठेवून करकर चालत निघाली, आणि धुळा दोन पावलं मागं राहून, भेटेल त्याला सांगत चालला, "बाजूला व्हा की जरा, नर्सबाई चालल्यात."