एक वाटी, चार चमचे

दाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांच्या शेजारचे गृहस्थ आकुर्डीला आमच्या दारात आले, तेव्हा मी दूध तापवत होते. आधी दूध उतरवलं, गॅस बंद केला, मग साडी बदलायला आत गेले. आत गेल्यावर रडू येईल असं वाटलं होतं... आलं नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला होता आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत. चिंचवडला पोचले तर अंगणात कंपनीतली माणसं उभी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, काटेकोर. "ताई, इतका काटेकोर माणूस आता बघायला मिळायचा नाही," त्यांचे एक सहकारी मला म्हणाले. बरंच आहे, असं माझ्या मनात आलं. आता महिना उलटून गेलाय. दाजींवर चार चांगले शब्द लिही, असं घरच्यांचं म्हणणं. मी बसून पाहिलं. जमत नाही.

दाजी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मापात बसेल तो माल पुढं, नाही बसला तर लाल रंगाचा फराटा मारून बाजूला. तिथं त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही की कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. हे खरं आहे, ते मी कशाला नाकारू? पण शिफ्ट सुटली तरी दाजींचं इन्स्पेक्शन काही सुटायचं नाही. अक्काला बघायला आले तेव्हा पोह्यांचा पहिला घास घेतला, छताकडे बघितलं आणि आमच्या वडिलांच्या तोंडावर म्हणाले, "मीठ पुढं आलंय." मग एका बोटानं बशी सरकवली. मुलगी पसंत केली, पोहे नाहीत. वडील कौतुकानं हसले. ते बोट तेव्हाच माझ्या डोक्यात गेलं होतं.

आमची अक्का गोडाची भलती वेडी. माहेरी बासुंदी झाली की पातेलं खरवडायला आम्ही दोघी भांडायचो आणि तीच जिंकायची. सासरी गेल्यावर तिच्या प्रत्येक खिरीत, प्रत्येक शिऱ्यात काही ना काही पुढं येत गेलं, नाहीतर मागं राहत गेलं. हळूहळू तिनं गोड करणंच सोडून दिलं. म्हणून मी कॉलेजात असताना एका मे महिन्यात दाजींनी सांगली, नरसोबाची वाडी, कोल्हापूर अशी सहल काढली आणि त्यांच्या लेकीला, छोट्या शुभाला सांभाळायला मलाही बरोबर घेतलं, तेव्हा एसटीत अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दुसऱ्या कुणीतरी केलेली बासुंदी मी बसून खाणार आहे गं. आख्खी वाटी. एकटी."

कसली आख्खी वाटी! दाजींनी सुट्टीतही कारखाना थाटला. त्या भागातली अस्सल बासुंदी शोधायची, त्यासाठी प्रत्येक हॉटेलात सँपल घ्यायचं. एक वाटी, चार चमचे. तीन हॉटेलचे आणि चौथा दाजींचा स्वतःचा, नाव घातलेला, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचलेला. हॉटेलच्या चमच्याला म्हणे साबणाचा वास येतो. पहिला घास त्यांचा, आणि निकाल लागेपर्यंत आम्ही तिघींनी चमचे हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. "दूध लागलंय." "मैदा घातलाय." "जायफळानं मारलं." की लगेच ते बोट, आणि वाटी टेबलाच्या पार टोकाला. वर नियम असा, की रिजेक्ट माल कुणी वापरायचा नाही. सांगलीत शुभा भर हॉटेलात भोकाड पसरून रडली. लोक आमच्याकडे बघत होते आणि दाजी शांतपणे चमचा रुमालाला पुसत होते.

वाडीला दर्शन झाल्यावर घाटाच्या वाटेवरच्या एका हॉटेलात बसलो. दाजींनी घास घेतला आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत. जमली वाटतं, असं समजून अक्कानं निकालाची वाट न बघता चमचा बुडवला. तिनं डोळे मिटले... इतक्या वर्षांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. तेवढ्यात दाजी म्हणाले, "साखर पुढं आलीय." बोट आलं, वाटी गेली. मला राहवेना. "दाजी, तिला तरी खाऊ द्या की!" गल्ल्यावरचे म्हातारे मालकही म्हणाले, "खावा की ताई, काय वाईट हाय त्यात?" दाजींनी आवाजही चढवला नाही. "कंपनीत रिजेक्ट माल कोणी घरी नेतं का?" अक्कानं चमचा पालथा ठेवला. "नको. पोट भरलंय," ती म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात एका केळ्याशिवाय काही नव्हतं. बाहेर आल्यावर मी तणतणायला लागले, तर उलट मलाच म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांना कळतं त्यातलं." त्या दिवसापासून मी दाजींशी कामापुरतंच बोलले.

गेल्या आठवड्यात दुपारभर उभं राहून मी बासुंदी आटवली, भरपूर चारोळी घातली आणि डबा घेऊन चिंचवडला गेले. मोठी वाटी काठोकाठ भरून अक्कापुढं ठेवली. "खा. आख्खी. आता कुणी सरकवणार नाही." ती उठली. खुंटीवर दाजींचा शर्ट अजून तसाच होता, त्याच्या खिशातून तिनं तो चमचा काढला. एक घास घेतला आणि छताकडे बघितलं.

"साखर पुढं आलीय गं," ती हळूच म्हणाली, आणि एका बोटानं वाटी माझ्याकडे सरकवली.

मी चाखून बघितलं. आली होती... आणि त्याबद्दल तर मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही. हट्टानं मी ती सगळी वाटी तिच्यासमोर बसून एकटीनं संपवली. अक्कानं तोवर चमचा धुतला, पदराला पुसला आणि परत शर्टाच्या खिशात ठेवून दिला.