श्रीखंडाचे दोन डबे

“घरात आणखी मुलगा आहे का?” सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आईनं खाली पाहिलं. माझा धाकटा भाऊ दत्ता तिच्या मांडीवर बिस्किट खात होता. माझा दुधाचा दात पडला होता आणि रक्त काही केल्या थांबत नव्हतं, म्हणून आम्ही मंद्रूपहून आलो होतो. ‘हिमोफिलिया’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग दत्ताचंही रक्त तपासलं. त्यालाही तेच निघालं.

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासूनच कमी असणं; हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. त्या घटकाला फॅक्टर म्हणतात, तो शिरेतून टोचून द्यावा लागतो. रक्त नुसतं जखमेतून जात नाही, आत सांध्यांतही साचतं. माझा डावा गुडघा त्यातच गेला. मी बसून मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं काम करतो. दत्ता मात्र एका जागी बसणारा नव्हता. क्रिकेटमध्ये कुणी घेत नसे, तर अंपायर होऊन भांडणं लावायचा.

मधली काही वर्षं चांगली गेली. होम डोस मिळायला लागला, म्हणजे फॅक्टरच्या बाटल्या घरी न्यायच्या आणि दुखायला लागताच स्वतः टोचून घ्यायचं. आम्हाला तसं शिकवलं होतं. घरचा फ्रिज लोडशेडिंगमध्ये बंद पडायचा, म्हणून बाटल्या डेअरीवाल्या शोभाकाकूंच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत. एकावर माझं नाव, एकावर दत्ताचं. “काकू, ह्यातलं श्रीखंड कुणी खाल्लं?” असं तो दर वेळी विचारायचा आणि काकू दर वेळी त्याला हाकलायच्या.

मग वरून नवा नियम आला. होम डोस बंद, फॅक्टर रुग्णालयातच, डॉक्टरांसमोर. बाटल्यांचा गैरवापर होतो, असं कारण कानावर आलं. रुग्णालयात औषधांच्या खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या. “आमच्या हातात काही नाही,” एवढंच म्हणाल्या.

वाचायला नियम साधा आहे. पण जरा सूज आली की सोलापूर, दिवसभर रांग, कामाचा खाडा. दत्ता हार्डवेअरच्या दुकानात लागला होता. मालक कुरकुरायला लागला, तसा तो लहानसहान दुखणं अंगावर काढू लागला. मी ओरडायचो, तो हसायचा.

बाजाराच्या दिवशी दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर त्याच्या डोक्याला लागलं. टेंगूळही फारसं नव्हतं. पूर्वीसारखं असतं तर काकूंकडे जाऊन लगेच टोचून घेतलं असतं. “काय न्हाय झालं दादा, सुट्टीला जाऊ की सोलापूरला,” म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या झाल्या, जीभ अडखळायला लागली. जीप करून निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. “दादा, लाईट बंद कर की,” असं तो दोनदा म्हणाला. बाहेर ऊन होतं.

सीटी स्कॅनमध्ये इंट्राक्रेनियल ब्लीड निघालं, म्हणजे कवटीच्या आत रक्तस्राव. फॅक्टर लगेच दिला, पण तोवर उशीर झाला होता. “डोक्याला लागलं की आधी फॅक्टर, मग बाकी सगळं,” डॉक्टर म्हणाले. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. दत्ता त्या वॉर्डातून परत आला नाही. माझं काळीज तिथंच राहिलं, आणि त्या नियमाचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

जिल्ह्यातल्या रुग्णांच्या घरच्यांनी अर्ज केले, आरोग्य खात्याच्या साहेबांना भेटले. मीही गेलो. बोलायची पाळी आली तेव्हा दत्ताचं नाव सांगितलं आणि अर्ज पुढं केला. काही महिन्यांनी होम डोस पुन्हा सुरू झाला. लोकांनी पेढे वाटले. मी माझा पेढा हातात धरून बसलो.

बाटल्या घेऊन डेअरीत गेलो, तर शोभाकाकूंनी दोन्ही डबे धुऊन ठेवलेले. “त्याचा डबा टाकवंना रं माज्यानं,” म्हणाल्या आणि दुधाच्या कॅनकडे तोंड फिरवलं.

तुमच्या घरात हा आजार असेल तर एवढं ऐका. डोक्याला लागलं तर टेंगूळ बघत बसू नका, सुट्टीची वाट पाहू नका. ज्यांनी धडपड करून होम डोस परत मिळवला, त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. माझ्या एरवीच्या बाटल्या माझ्या डब्यात असतात. डोक्याला लागलं तर लागेल तेवढा डोस मात्र मी दत्ताच्या डब्यात ठेवतो. मुदत संपत आली की तो वापरून नवा ठेवतो. तो डबा आता कधी रिकामा नसतो. त्या बाजाराच्या दिवशी तो रिकामा होता.