पोपटी आणि दोन ग्रुप

२०२४ साल, माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण मडक्यात भाजायची वालाच्या शेंगांची पोपटी माझ्यासारखी कोणी लावत नाही, अशी माझी खात्री होती. पनवेलच्या हजार माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी बोलून टाकलं, "पोपटीत पाण्याचा थेंब घालू नका." खारघरच्या कोणीतरी लिहिलं, "आजोबा, कुकर घ्या." दुसऱ्याने माझी अक्कल काढली, मी त्याचा बाप काढला. दोन दिवस भांडलो. पोपटी कोणाच्याच ध्यानात राहिली नाही.

मग तेच आमच्या गावातल्या पाच जणांच्या ग्रुपवर टाकलं. शेजारचा म्हातारा बोलला, "पानी नको, बरोबर हाय. पन गेल्या साली तुझी पोपटी करपली ना रं? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला कमी कोंबतोस तू."

राग आला. पण ती करपलेली पोपटी या चौघांनी मुकाट्याने खाल्ली होती, त्यांना काय बोलणार? "बघतो," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून कवळाभर भांबुर्डा उपटून आणला आणि शेजाऱ्याला हाक मारली, "ये, आता तूच कोंब."