आ कर गो

"आ कर गो!" दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची. आतून पोर डोळे चोळत यायची, तोंड उघडायची. ही वाकून बघायची आणि एकतर "चल" म्हणायची, नाहीतर "मेले, परत मशेरी? जा, चूळ भर आधी."

मी चौलच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. मुली आपणहून शाळेत येत नसत, म्हणून त्यांना घरोघर जाऊन बोलावून आणायला एक बाई ठेवलेली असे. आमच्या शाळेची ती बोलावणारी म्हणजे ही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दात बघायचं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा सकाळी आमच्या गावातून तुम्ही चालत गेला असतात, तर घराघरांतून तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास तुम्हालाही आला असता. काळी होईस्तो भाजायची, चुरायची, झाली मशेरी. आया बोटानं दातांना चोळायच्या आणि पोरीचा दात दुखला की तिच्याही हिरडीला लावायच्या. दुखणं थांबायचं, सवय मात्र जन्माची लागायची. मी फळ्यावर दातांची चित्रं काढून घसा कोरडा करी. दर वर्षी नव्या पोरी आणि तीच काळी बोटं. कंटाळा यायचा हो, खरंच सांगते.

मावशीच्या तोंडाचा तर आनंदीआनंदच होता. पुढचे दात कधीच गेलेले, उरलेले डांबरासारखे. पोरींना भीती घालायला ती तेच उघडून दाखवी. "असं हवं व्हय? लगीन न्हाय व्हायचं!" आणि मधल्या सुट्टीत विहिरीमागं जाऊन स्वतः मशेरी लावून येई. मी बघितलं की म्हणायची, "बाई, आमचं गेलं ते गेलं. पोरींचं तरी राहू दे."

तिची मुलगी बाळंतपणात गेली होती. तिची पोर, यमी, मावशीच्याच पदरात. एकदा शाळेच्या पायरीवर मावशीनं तिलाही म्हटलं, "आ कर." यमी तोंड उघडेना. मावशीनं जबडा धरून उघडलं, तर आत काळं!

पोरगी रडत म्हणाली, "तुझ्याच डबीतली हाय. तू लावतेस ना?"

मावशी तिच्याशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "मी सोडते. तू पन सोड. मी लावली, तर तू लाव."

पुढचे दिवस विचारू नका. हात कापायचे, डोकं फुटायचं, उठल्याबसल्या पोरींवर खेकसायची. "दमले बाई, जीव जाईल माजा," म्हणत घरं मात्र चुकवायची नाही. मलाच तिचे हाल बघवेनात. मी म्हटलं, "लावा मावशी चिमूटभर. यमीला कुठं कळतंय?"

"तिला न्हाय कळायचं," ती म्हणाली. "पन उद्या तिला आ कर कुठल्या तोंडानं म्हनू?"

अशी काही वर्षं गेली. मग एका थंडीत तिला ताप भरला तो उतरेचना. अन्नपाणी सुटलं, प्राण काही जाईना. बायका म्हणाल्या, जीव मशेरीत अडकलाय. शेजारीण चिमूट घेऊन आली. मीही म्हटलं, "घ्या मावशी, आता काय राहिलंय." वासानं तिच्या नाकपुड्या हलल्या. शेजारीण वाकून म्हणाली, "आ कर गो."

यमी पायाशी उभी होती. मावशीनं तिच्याकडं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. संध्याकाळी ती गेली, तेव्हाही ओठ तसेच मिटलेले होते.

तिचं दहावं-तेरावं झालं. मुलींना बोलवायला दुसरी बाई मिळेना, म्हणून मीच निघाले. पहिलं घर तिचंच. मावशीच्या सुनेनं वेणी घालून दिलेली यमी पाटी घेऊन दारात आली. मी काही म्हणायच्या आत तिनंच मान वर करून आ केला. थोडे वाकडे, पण पांढरेस्वच्छ दात.

मला रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "मिट गो. चल."